दुसरा नमुना

नमुनेरावांना समुद्रात शिरताना पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास थबकत असे. सोमवारची सकाळ, सातचा सुमार. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, आणि चेहऱ्यावर व्याह्यांकडे पहिल्यांदा जेवायला निघालेल्या माणसाचा गंभीरपणा. अशा थाटात हा गृहस्थ आजूबाजूला न बघता सरळ पाण्यात चालत जायचा. घरच्यांशी भांडून आलेला दिसतोय, धावावं की काय, असा विचार पाहणाऱ्याच्या मनात येतो न येतो तोच नमुनेराव मांडीभर पाण्यात थांबत, पिशवीतून एक बाटली काढत आणि ती समुद्रात बुडवत.

कार्यालयात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात एकतीस वर्षं समुद्राच्या पाण्याचे नमुने घेतल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? काम एका ओळीत सांगण्यासारखं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं तर तासभर हवा. बाटली जंतुरहित असते. झाकण काढायचं, पण आतल्या अंगाला बोट लागता कामा नये. बाटली उलटी धरून कोपरभर खोल न्यायची, तिथे तोंड येणाऱ्या लाटेकडे फिरवायचं, भरली की वर बोटभर जागा मोकळी ठेवून झाकण लावायचं आणि बर्फाच्या डब्यात उभी करायची. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाईसुद्धा एवढी जपत नसेल. अशा वेळी फळ्यांवर उभी राहून लाटांवरून घसरणारी तरुण मंडळी लांबून विचारायची, “काका, पास की नापास?” नमुनेराव कधीही हसून उत्तर देत नसत. “उद्या कळेल,” म्हणत.

आणि खरोखरच उद्या कळायचं. प्रयोगशाळेतल्या बाई त्या पाण्यातले मैल्याचे जंतू बशीत घालून रात्रभर उबेला ठेवत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे ठिपके मोजत. जंतूंना घाई नसते, ते कार्यालयीन वेळेनेच वाढतात. म्हणजे सोमवारचं पाणी वाईट होतं हे नगरपालिकेला मंगळवारी दुपारी समजायचं. सोमवारी पोहून गेलेल्याला ते तोवर पोटातून समजलेलं असायचं.

तरीही नमुनेरावांची आकड्यावर श्रद्धा होती. निळं पाणी फसवतं, गढूळ पाणीही फसवतं, आणि नाक म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनी दोन पिढ्यांच्या शिकाऊंना पढवलं होतं. बाईंचा आकडा आल्याशिवाय पाण्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. घरातही हाच कायदा. आमटी खारट झाली तर बायको म्हणायची, “थांबा, उद्या दुपारी सांगा.”

आता दुसऱ्या नमुन्याच्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याच पोटातून निघालं. नोकरीचं दुसरं वर्ष. ऐन सुट्ट्यांचा हंगाम. नमुनेराव तेव्हा नवे, उत्साही आणि स्वच्छतेचे भयंकर भोक्ते. जंतुरहित बाटली हातात आल्यावर त्यांना वाटलं, आधीच स्वच्छ आहे, आणखी स्वच्छ करायला काय हरकत? म्हणून त्यांनी ती किनाऱ्यावरच्या सार्वजनिक शौचालयाबाहेरच्या नळाखाली तीनदा विसळली आणि मग समुद्रात बुडवली. दुसऱ्या दिवशी बशीत ठिपके मोजता येईनात. लाल झेंडा चढला, किनारा चार दिवस बंद. होडीवाले, खोल्या भाड्याने देणारे, खुर्च्या-छत्र्यावाले, सगळे नगरपालिकेच्या दारात येऊन बसले. चौकशीत नळाची भानगड निघाली. नोकरी जायचीच, पण तेव्हाचे साहेब मायाळू. त्यांनी माणसाला काढण्याऐवजी परिपत्रक काढलं: नमुना वाईट आला तर लगेच झेंडा बदलू नये. निकालानंतरच्या कामाच्या दिवशी दुसरा नमुना घ्यावा, तोही वाईट आला तरच लाल झेंडा.

कार्यालयात त्याला कायमचं ‘नमुनेरावांचा नियम’ असं नाव पडलं. समुद्र मात्र दोन-तीन भरती-ओहोटींत घाण पुढे ढकलून मोकळा होतो, त्यामुळे दुसरा नमुना जवळजवळ नेहमी चांगलाच यायचा. एकोणतीस वर्षांत लाल झेंडा चढला चार वेळा. नमुनेरावांच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण ज्या कागदाने आपलं ताट वाचवलं त्याच कागदाला नावं कशी ठेवायची, म्हणून ते गप्प राहिले. गप्प बसण्याची सवय तंबाखूसारखी असते. पहिल्या वर्षी चक्कर येते, मग काही वाटत नाही.

त्यांची बायको जन्मभर समुद्राला ‘तुमची सवत’ म्हणत आली होती. दर सोमवारी नवऱ्याच्या पँटीतली वाळू झटकताना ती त्या सवतीचा उद्धार करायची, आणि तिने स्वतः कधी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. मग साठीच्या अलीकडे तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, पोहा. तिला वाटलं थट्टा करतायत. पण शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने ओढत नेलं, आणि पहाटे समुद्रात डुंबणाऱ्या सहाजणींत ती सातवी झाली. पहिला महिना तिने फक्त आरडाओरडा केला. दुसऱ्या महिन्यात ती तरंगली. त्या दिवशी घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं की पाण्यात गुडघे दुखत नाहीत, गुडघे आहेत हेच आठवत नाही. “तुम्ही एवढी वर्षं नुसते बाटलीच बुडवत बसलात,” ती म्हणाली, “एकदा स्वतः बुडून बघायचं.”

नमुनेराव बुडले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. आतापर्यंत समुद्रात लोक पोहत होते. आता बायको पोहत होती. तिला साखरेचा आजार, पायाला काही लागलं तर बरं व्हायला महिना. म्हणून हा माणूस, ज्याने नाकाला पुरावा मानायला जन्मभर नकार दिला, तो रोज पहाटे गच्चीवर जाऊन वारा हुंगू लागला. आज वास येतोय, आज जाऊ नकोस. आज वारा तिकडून आहे. आज पाण्याचा रंग मला आवडला नाही. दोन वर्षांत त्यांनी तिला शंभरदा तरी अडवलं असेल, आणि शंभरही वेळा झेंडा हिरवा, पाणी चांगलं. शेवटी ती त्यांचं बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं ऐकायला लागली. चालू असायचं, कुणी लक्ष देत नसे.

त्या वर्षी सातजणींनी ठरवलं की रविवारी पिवळ्या पिंपापर्यंत पोहून जायचं. किनाऱ्यापासून दोनशे हातांवर ते पिंप तरंगत असायचं, त्याच्या पलीकडे होड्यांची हद्द. बायकोने तीन महिने तयारी केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज किती हात मारले ते लिहायची, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. आयुष्यात कुठल्या शर्यतीत उतरली नव्हती, शाळेत लिंबू-चमच्यातही नाही. आता मात्र मुलीला फोन करून सांगत होती की तुझी आई पिंपाला हात लावून येणार आहे.

आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, सांडपाण्याच्या पंपघरातल्या पंपवाल्याचा नमुनेरावांना फोन आला. दोघांची जुनी ओळख. पंपवाल्याने इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं, तीनपैकी दोन पंप बसलेत, तिसरा एकटा गावाला पुरत नाही, पहाटेपासून समुद्राकडची झडप उघडली आहे. वर लिहून पाठवलंय, पण माझं नाव कुठे घेऊ नका.

नमुनेरावांनी वाराबिरा हुंगला नाही. वार सोमवार नसताना, दुसऱ्या नमुन्याचंही निमित्त नसताना, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, ते बाटली घेऊन पाण्यात उतरले. शुक्रवारी दुपारी बाईंनी बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि नुसता चष्मा काढून ठेवला. मर्यादेच्या चाळीसपट. ते कागद घेऊन साहेबांकडे गेले.

साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे, अतिशय सज्जन. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले की पहिला नमुना आहे, उद्या-परवा सुट्टी, दुसरा सोमवारी घेऊ. नमुनेरावांनी पंपाचं सांगितलं. साहेब म्हणाले, पंप दुसऱ्या खात्याचे, त्या खात्याकडून आपल्याला काही लेखी आलेलं नाही. नमुनेराव म्हणाले, रविवारी किनाऱ्यावर हजार माणसं असतील. साहेबांना खरोखर वाईट वाटलं. “काका, नियम तुमच्या नावाने ओळखला जातो,” ते म्हणाले, “तो मोडायचा तर मी कोण?” यात टोमणा नव्हता, आदर होता. टोमणा असता तर निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळी घरी बायको आरशासमोर पोहण्याची टोपी घालून बघत होती. उजव्या टाचेला आदल्या दिवशी शिंपला लागला होता, तिथे गव्हाच्या दाण्याएवढी चीर. ती म्हणे, खारं पाणी औषध असतं.

नमुनेरावांनी सांगितलं की रविवारी जायचं नाही.

“वास आला का?”

“वास नाही, आकडा आलाय. चाळीसपट.”

ती पहिल्यांदा टोपी काढून वळली. आकडा म्हटल्यावर वळणारच, इतकी वर्षं त्यांनीच वळवलं होतं. मग तिने विचारलं, झेंडा कुठला आहे? हिरवा, ते म्हणाले. मंगळवारपर्यंत हिरवाच राहील. तिने सरळ सांगितलं की मी एकटी थांबले तर बाकीच्या सहाजणी जातीलच. त्यांना मी काय सांगू? नवऱ्याला वास येतो म्हणून सांगू? त्या दोन वर्षं यावरच हसतायत.

“एक काम करा,” ती म्हणाली. “दोन ओळी लिहून द्या. पाणी वाईट आहे, उतरू नये. खाली तुमची सही. मी त्यांना दाखवते, कुणी जाणार नाही. मीही नाही.”

तिने कॅलेंडराखालचं पेनही आणून दिलं.

नमुनेराव कागदासमोर बसले. निवृत्तीला आठ महिने होते. खात्री न झालेला निकाल बाहेर देणं हा गुन्हा, हे त्यांनीच शिकाऊंना शिकवलेलं. सहाजणींत एकीचा मुलगा वर्तमानपत्रात होता. उद्या कागद छापून आला, आणि सोमवारचा नमुना नेहमीसारखा चांगला निघाला, तर? पुन्हा होडीवाले, पुन्हा छत्र्यावाले, पुन्हा तो नळ. या वेळी मायाळू साहेब नव्हते, सज्जन साहेब होते, आणि सज्जन माणूस नियमाबाहेर जाऊन कुणाला वाचवत नाही. ते पेनाचं टोपण लावत काढत राहिले. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा बायको गॅस बंद करायला गेली, आणि परत आली तर कागद कोराच होता.

“तोंडी सांगतोय ना तुला,” ते म्हणाले.

“तोंडी तर रोजच सांगता,” ती म्हणाली. रागावली नाही. तिला उलट सुटल्यासारखंच वाटलं असावं. सही करण्याइतकं वाईट असतं तर हा माणूस सही केल्याशिवाय राहिला नसता, असा तिचा हिशोब. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल एवढं चांगलं मत बाळगणारी बायको मिळणं ही दुर्मिळ गोष्ट, आणि नेमकी त्याच वेळी ती मिळायला नको होती.

रविवारी नमुनेराव तिच्या आधी किनाऱ्यावर पोचले. उंच खुर्चीवर बसणाऱ्या शिट्टीवाल्याला त्यांनी झेंडा उतरवायला सांगितला. त्याने चिठ्ठी मागितली. मग ते पाण्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. फळीवाल्यांनी विचारलं, काका, आज रविवारीही ड्यूटी? एका बापाने पोराला कडेवर घेतलं, झेंड्याकडे पाहिलं आणि पोराला खाली उतरवलं. नमुनेरावांचा आवाज मुळातच बारीक, त्यात समोर समुद्र. तासाभरात चौघे परत फिरले, त्यांतल्या दोघांना तसंही ऊन सोसत नव्हतं.

सातजणी आल्या. बायकोने जाताना त्यांच्या हातात चपला दिल्या. मग ती पाण्यात शिरली आणि त्यांना तिची लाल टोपी लाटांत वरखाली होताना दिसत राहिली. पिंपाशी पोचायला तिला पंचवीस मिनिटं लागली. तिथे तिने हात वर केला, पिंपावर चापट मारली. आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण नमुनेरावांना तो ऐकू आला. परत आली तेव्हा ती थरथरत होती आणि हसत होती, आणि नवऱ्याकडून चपला घेताना म्हणाली की सवत बरी आहे हो तुमची.

शनिवारी रात्रीच पंप दुरुस्त झाले होते. सोमवारी सातला नमुनेराव नियमाप्रमाणे दुसरा नमुना घ्यायला उतरले. पाणी काचेसारखं. त्यांनी त्या क्षणी देवाकडे काय मागितलं असेल तर पाणी घाण निघू दे हे, आणि ते मिळालं नाही. मंगळवारी दुपारी बाईंनी बशी दाखवली, तीन ठिपके. त्याच दुपारी बायकोला ताप भरला. टाच लाल झाली, बुधवारी पाऊल, गुरुवारी घोट्याच्या वर रेघ चढली आणि ती रुग्णालयात गेली. सहाजणींपैकी दोघींचं पोट बिघडलं, एका फळीवाल्याचा कान वाहू लागला. त्यांना वाटलं, बाहेरचं खाल्लं असेल, वारा लागला असेल.

डॉक्टरांनी विचारलं, जखमेला कुठलं पाणी लागलं? नमुनेरावांनी सांगितलं. डॉक्टरांनी किनाऱ्यावर पाण्याचा निकाल लावणाऱ्या नगरपालिकेच्या फलकाचा फोटो फोनवर शोधून पाहिला आणि म्हणाले, पण इथे तर चांगलं लिहिलंय.

शुक्रवारी ते सहीसाठी कार्यालयात गेले. पहिला वाईट आणि दुसरा चांगला आला की फाइल बंद करायला एक छापील ओळ असायची: ‘पहिल्या नमुन्यातील दोष नमुना घेणाऱ्याच्या हाताळणीमुळे.’ खाली नमुना घेणाऱ्याची सही. समुद्राचे सगळे अपराध त्यांनी असेच स्वतःच्या नावावर घेतले होते, दरवेळी, बिनतक्रार. या वेळी त्यांनी सही केली नाही. साहेबांना म्हणाले की बाटली नीट होती, हात नीट होता, पाणी घाण होतं. साहेबांनी मान डोलावली, काकूंची चौकशी केली, काही लागलं तर सांगा म्हणाले. नंतर कळलं, त्या जागी ‘नमुना घेणारा रजेवर’ असं लिहून फाइल बंद झाली.

त्यांनी सगळं लिहून वरच्या कचेरीत पाठवलं. पोच मिळाली. पंपवाल्याची बदली झाली.

बायकोचं उजवं पाऊल घोट्यापासून गेलं. ती घरी आली तेव्हा तिची खाट खिडकीपाशी लावली. तिथून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तिची जीभ मात्र शाबूत होती. भेटायला येणाऱ्यांना ती सांगायची की आता चपलांच्या खर्चात निम्मी बचत, दुकानदार एक देईना एवढंच. लोक हसायचे आणि जिन्यात उतरताना डोळे पुसायचे.

पुढच्या महिन्यात पुन्हा एक पंप बसला. नमुनेरावांना पत्ता लागला तो उशिरा, पण लागला. त्या रात्री त्यांनी सहा चिठ्ठ्या लिहिल्या, ‘पाणी वाईट आहे, उतरू नये,’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही, तारीख. पहाटे किनाऱ्यावर जाऊन एकेकीच्या हातात दिल्या. सहाही जणींनी त्या आदराने वाचल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईने तर घडी करून पिशवीत जपून ठेवली. बिचाऱ्यांच्या मनाला लागलंय, असं त्या एकमेकींत हळू बोलल्या. मग झेंड्याकडे बघितलं आणि पाण्यात गेल्या.

घरी येऊन नमुनेरावांनी बायकोला हे सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज जरा मोकळा झाला होता, महिनाभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी अर्धं उचलल्यासारखा. सही होती, तारीख होती, तरी गेल्या, ते म्हणाले. दोनदा म्हणाले. म्हणजे त्या दिवशीही काही फरक पडला नसता, हे त्यांनी उच्चारलं नाही, पण ते खाटेच्या कडेला बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती उशी पाठीशी सरकवून बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग टाक्यांकडे. या बाईने जन्मात नवऱ्याला उगाच दुखवलं नव्हतं, आणि उगाच बरं वाटेल असंही कधी बोलली नव्हती.

“त्या गेल्या असत्या,” ती म्हणाली. “मी थांबले असते.”

मग तिने पाणी मागितलं, आणि ते आणायला उठले.